दाराची वादी: १९५१ च्या एमजी टीडीचं एक प्रकरण

पन्हाळ्यावर सज्जा कोठीपाशी जून महिन्यात गाडी पश्चिमेकडे तोंड करून लावायची नाही, हे आबांना आता पाठ झालंय. त्या दिवशी त्यांनी ती तशीच लावली आणि उजवं दार चार बोटं उघडलं. पुढचं काम वाऱ्यानं केलं. दार भिरकावल्यासारखं मागं गेलं आणि मडगार्डवर आदळलं. संध्याकाळी मला फोन आला. "दार अडवणारी पट्टी तुटलेली नाही हं. पट्टी एकदम शाबूत आहे. तिच्याबरोबर लाकूडच बाहेर आलंय."

निम्मं निदान आबांनीच केलं होतं, फक्त त्यांना ते ठाऊक नव्हतं.

गाडी १९५१ ची एमजी टीडी. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत अशा २९,६६४ गाड्या तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. इंजिन १२५० सीसीचं, ताकद ५४ अश्वशक्तीची, आजच्या हिशेबात काहीच नाही. आबांच्या वडिलांनी ती १९५८ साली मुंबईत एका गोऱ्या साहेबाकडून घेतली. तेव्हापासून ती कोल्हापुरात आहे. खालची चासी पोलादी असली तरी वरची बॉडी म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर दुमडून खिळ्यांनी ठोकलेला पत्रा. लाकूड मूळचं ॲश या इंग्लंडातल्या झाडाचं. दारंही तशीच: लाकडी चौकट, बाहेरून पत्रा, आतून रेक्झिन.

या गाडीची दारं उलटी उघडतात, म्हणजे बिजागऱ्या मागं आणि कुलूप पुढं. इंग्रजीत अशा दाराला 'सुइसाइड डोअर' म्हणतात. नाव भडक आहे, पण कारण खरं आहे. चालत्या गाडीत कुलूप सुटलं तर आपल्या नेहमीच्या गाडीचं दार वारा बंद करायला बघतो आणि हिचं सताड उघडतो. तेव्हा त्याला अडवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे बिजागरीच्या बाजूला, दाराच्या आतल्या अंगानं बॉडीच्या लाकडी खांबाला जोडलेली चामड्याची वीतभर वादी. ना स्प्रिंग, ना खाच, ना रोलर. ही वादी दार उघडं धरून ठेवत नाही. एवढ्यावर थांब, इतकंच ती सांगते.

उजव्या दाराला मात्र वादी नव्हतीच. काही वर्षांपूर्वी जुनी तुटली तेव्हा एका गॅरेजवाल्यानं तिच्या जागी सीटबेल्टची पट्टी बसवून दिली होती. आबा त्या कामावर खूश होते. "हत्ती बांधला तरी तुटणार नाही," असं म्हणून त्यानं दिली होती म्हणे, आणि ते खोटंही नव्हतं. डाव्या दाराला जुनं चामडं होतं, वाळून पापडासारखं झालेलं, पण जाग्यावर.

बारापट

गाडी माझ्या शेडमध्ये आली तेव्हा पहिल्यांदा मी हत्यार काढलं नाही, टेप काढली. दार पूर्ण उघडलं असताना पट्टी ज्या रेषेत ताणली जाते त्या रेषेपासून बिजागरीच्या खिळीचं काटकोनातलं अंतर भरलं ५ सेंटीमीटर. कुलपाच्या कडेपासून खिळीचं अंतर ६० सेंटीमीटर. म्हणजे तरफ बारापट. कुणी उतरताना दाराच्या कडेवर नुसता ५ किलोचा भार टाकला तरी पट्टीवर ६० किलोची ओढ येते. ही ओढ धरायला प्रत्येक टोकाला दोन स्क्रू. वारा किंवा दणका आला की आकडा कुठं जातो ते मोजायची गरजच उरत नाही.

हेच गणित उलटंही लागू पडतं. पट्टी १ सेंटीमीटर ताणली तर दाराची कड १२ सेंटीमीटर मागं जाते. मडगार्ड आणि दार यांच्यात एवढी जागा नसते. म्हणून वादी लांब झालेली चालत नाही, आणि अजिबात न ताणणारी असूनही चालत नाही. हे दुसरं बऱ्याच जणांच्या गळी उतरत नाही. आबांच्याही उतरलं नाही, तेव्हा मी त्यांना म्हशीचं उदाहरण दिलं. उधळलेली म्हैस साखळीला बांधलेली असली तर खुंटी उपटते. दाव्याला असली तर दावं ताणतं, करकरतं, पण हिसका खाऊन टाकतं. सीटबेल्टची पट्टी काही टनांच्या हिसक्यासाठी विणलेली असते, पन्नास-साठ किलोला ती हलतसुद्धा नाही. सगळा दणका थेट स्क्रूवर आणि स्क्रूमागच्या लाकडावर. चामड्याची वादी थोडी देते. आणि फारच झालं तर ती स्वतः तुटते. तुटायचंच असेल तर तीच तुटायला हवी, कारण ती दोनशे रुपयांची आहे आणि खांब तसा नाही.

लाकूड

रेक्झिन सोडवून खांबात टोचा घातला. बोटाचं दीड पेर अलगद आत गेला. बाहेर आलं ते तपकिरी पीठ. पावसाचं पाणी पत्रा आणि लाकूड यांच्या फटीतून उतरून नेमकं खालच्या बिजागरीच्या वर साचत होतं. ॲशचं लाकूड दणका सोसण्यात पटाईत, इंग्लंडात गाड्यांच्या चाकांच्या लाकडी कडा आणि कुदळीचे दांडे त्याचेच करत, पण ओलीला ते फार लवकर हार जातं. त्यात आधीच्या माणसानं ढिल्या झालेल्या भोकांत आगपेटीच्या काड्या कोंबून पुन्हा तेच स्क्रू पिळले होते. त्या काड्या मला आत जशाच्या तशा सापडल्या, एकीचं तर गूलही शिल्लक होतं.

काड्या काय आणि गोल खुंटी काय, दोन्हींत दोष एकच. खुंटीचे धागे भोकाच्या दिशेनं उभे असतात. स्क्रू त्या धाग्यांना समांतर शिरतो, त्यांना फाकवतो, पण त्याची पकड बसत नाही. स्क्रू धाग्यांना आडवा गेला पाहिजे. त्यासाठी खराब भाग चौकोनी कापून काढायचा आणि खांबाच्याच धाग्याच्या दिशेचा तुकडा तिथं बसवायचा. काम वाढतं, पण दुसरा मार्ग नाही.

तुकडा कशाचा? मी जुन्या वाड्यातलं सागवान काढून ठेवलं होतं. सुतारमामांनी ते हातात घेतलं, परत दिलं. म्हणाले, "साग दाराखिडक्याला चांगला. दणक्याला न्हाई. बैलगाडीच्या चाकाला कशाचं लाकूड लावत्यात?" बाभळीचं, हे मलाही माहीत होतं, सुचलं नव्हतं. त्यांच्याकडं आठ-दहा वर्षं वाळलेला बाभळीच्या गाभ्याचा तुकडा निघाला, विटकरी रंगाचा, करवतीला दात विचकणारा. मूळ लाकूडच हवं म्हणणारे लोक नाक मुरडतील, मुरडू देत. इंग्लंडच्या गाडीवाल्यानं जे काम ॲशला दिलं तेच आपल्याकडच्यानं बाभळीला दिलं होतं.

खांबातला सडका भाग १८ सेंटीमीटर लांबीचा निघाला. दोन्ही टोकांना सरळ जोड न देता मामांनी तिरकं कलम केलं, एकास आठच्या उताराचं, म्हणजे चिकटणारा पृष्ठभाग वाढतो. कोऱ्या पटाशीनं कापलेल्या ताज्या लाकडावर दोन भागांचं इपॉक्सी लावून शिकंजे आवळले आणि रात्र अन् दिवस हात लावला नाही. पावसाळी हवेत ते वाळायला वेळ लागतो. मामांना फेव्हिकॉल पुरे वाटत होतं. यावर आमचं थोडं वाजलं, मग त्यांनीच, "तुझी गाडी, तुझा गोंद," म्हणून सोडून दिलं.

दाराच्या बाजूचं लाकूड सुदैवानं ठणठणीत होतं. तिथं फक्त भोकं मोठी झाली होती, त्यांना बोटाएवढे दोन आडव्या धाग्यांचे तुकडे पुरले.

चामडं

आता वादी. परदेशातून तयार वाद्या मागवता येतात आणि कुणी मागवल्या तर माझी हरकत नाही. पण ज्या गावात वनस्पतींच्या सालीनं कमावलेल्या कातड्यावर पिढ्यान्‌पिढ्या चपला होतात तिथं चामड्याचा वीतभर तुकडा बोटीनं आणायचा, हे माझ्या मनाला पटेना. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. खांबाला बाभळीचं लाकूड आणि वादीला बाभळीची साल, हा योगायोग सुतारमामांना इतका आवडला की त्यांनी तो पुढचे आठ दिवस येईल त्याला सांगितला.

तरी पहिली वादी मी चुकवलीच. मजबूत हवी म्हणून अडीच मिलिमीटरचे दोन थर शिवून पाच मिलिमीटरची केली. दिसायला झोकात. दार लावायला गेलो तर ती आत दुमडेचना. घडी पडायच्या ऐवजी कमानीसारखी फुगून दाराच्या आणि खांबाच्या फटीत अडकली. मी दार थोडं रेटलं आणि शिवण कडेनं कचकन उसवली. उघडल्यावर किती ताणते याचाच विचार केला होता, मिटल्यावर ती जाते कुठं याचा नाही.

ती फाटकी वादी घेऊन चपला करणाऱ्या आक्कांकडं गेलो. त्या चपलेच्या वेण्या विणत बसल्या होत्या. वादी हातात घेऊन त्यांनी एकदा वाकवली, एकदा दोन्ही हातांनी ओढली आणि विचारलं, "पोटाचं कुणी दिलं तुला?"

पोट म्हणजे जनावराच्या पोटाकडचा भाग. तिथलं कातडं सैल असतं, ताणत राहतं. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांचं दाट असतं, आणि कण्याच्या दिशेनं कापलेली पट्टी आडवी कापलेल्या पट्टीपेक्षा कमी ताणते. चपलेचा तळ कुठला आणि वरचा पट्टा कुठला हे त्यांना बोटांनी कळतं. मी दुकानातून आणलेल्या थप्पीतला वरचा तुकडा उचलला होता. आक्कांनी म्हशीच्या पाठीतली पट्टी काढली, साडेतीन मिलिमीटर जाडीची, आणि रापीनं २५ मिलिमीटर रुंदीची सरळ वादी ओढली. पट्टीचा मधला घडीचा भाग तेवढा आतल्या बाजूनं तासून किंचित पातळ केला. हे मी सांगितलं नव्हतं. "चपलेचा पट्टा बोटापाशी असाच वळतो," एवढंच म्हणाल्या.

ताण आधीच काढून घ्यायचा, ही युक्ती मात्र माझी. चाळीस सेंटीमीटरची वादी पाण्यात तासभर भिजवली, शेडच्या तुळईला टांगली आणि खाली पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या अडकवल्या, मिळून वीस किलो. सकाळी ती अडीच सेंटीमीटर लांब झाली होती. बादल्या तशाच ठेवून सावलीत वाळू दिली, नाहीतर परत आखडते. मग एरंडेलाचा पुसट हात. जास्त तेल पाजलं की चामडं मऊ पडतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

एक गोष्ट डाव्या दाराची जुनी वादी काढताना दिसली. तिच्या लोखंडी स्क्रूंभोवतीचं चामडं काळंनिळं झालं होतं आणि बोट लावलं की तुकडे पडत होते. स्क्रूही मानेपाशी खंगलेले. ही शाई आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, मिसळून शाई करायचे, तोच प्रकार: कमावलेल्या कातड्यातला तुरटपणा आणि ओल्या लोखंडाचा गंज एकत्र आले की काळा रंग तयार होतो आणि दोघंही झिजतात. चामड्याची वादी लोखंडी स्क्रूनं बसवली की तिचं मरण तिच्याबरोबरच बसवल्यासारखं. म्हणून स्क्रू पितळी, वरची दाबपट्टीही पितळी, दोन मिलिमीटरची. दाबपट्टीच्या कडा कानशीनं गोल केल्या, कारण धारदार कड प्रत्येक उघडझापीला वादी थोडी थोडी कापत राहते.

पण पितळी स्क्रू मऊ. बाभळीत सरळ पिळायला गेलं की डोकं हातात येतं. आधी तीन मिलिमीटरचं भोक, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून आटे पाडायचे, तो काढायचा आणि मग पितळी स्क्रू साबण लावून हातानं बसवायचा. बॅटरीवरच्या ड्रिलनं नाही. वादीला भोकंही आरीनं चीर पाडून नाही, गोल पंचानं. चीर पुढं फाटत जाते, गोल भोक थांबतं. भोकापासून टोकापर्यंत दीड सेंटीमीटर चामडं सोडलं.

लांबी

सगळ्यात मोह होतो तो जुनी वादी मोजून तेवढीच नवी कापायचा. मीही डावी वादी टेबलावर ठेवून भोकांमधलं अंतर लिहून घेतलं होतं. पण सत्तर वर्षं ओढ खाल्लेल्या वादीचं माप म्हणजे तिच्या ताणाचं माप. तिची नक्कल केली असती तर दार पहिल्याच दिवशी मडगार्डला भेटलं असतं. माप घ्यायचं ते गाडीवरून.

वादी न बसवता दार हलक्या हातानं मागं नेलं, मडगार्डापासून चार बोटं अलीकडं थांबवलं आणि खाली लाकडी ठोकळा लावला. मग दोन्ही दाबपट्ट्यांच्या मध्ये न ताणणारी पॅकिंगची प्लास्टिक पट्टी धरून खूण केली. भरलं ११ सेंटीमीटर ४ मिलिमीटर. वादी ११ सेंटीमीटर २ मिलिमीटरची धरली. दोन मिलिमीटर पुढच्या महिन्यांत ताणेल म्हणून. वरच्या टोकाला दोन सेंटीमीटर जादा चामडं दाबपट्टीखाली दुमडून ठेवलं, कधी ती तुटली किंवा सरकवावी लागली तर.

बसवून झाल्यावर रद्दीवाल्याचा ताणकाटा कुलपाला अडकवून ३ किलोची ओढ दिली. दाराची कड अडीच सेंटीमीटर मागं गेली आणि सोडल्यावर परत आली. म्हणजे वादी दोन मिलिमीटर दिली. मला हवं होतं ते हेच, अडवल्यासारखं वाटायला हवं, आपटल्यासारखं नाही. दार बंद करून टॉर्चनं आत पाहिलं. वादी आतल्या बाजूला शहाण्यासारखी घडी घालून बसली होती.

डावी वादीही त्याच दिवशी बदलली. ती आज-उद्या गेलीच असती, आणि एक दार एका जागी थांबतं, दुसरं दुसऱ्या, हे उतरणाऱ्याच्या हाताला खटकतं. जुनी वादी पाकिटात घालून आबांच्या टूलबॉक्समध्ये ठेवली आहे, मूळ सुटा भाग म्हणून. सीटबेल्टची पट्टी त्यांनी परत मागितली. स्टेपनी बांधायला ती खरंच चांगली आहे.

मडगार्डाचा पोचा काढायला आणि रंगाला जे लागलं ते लाकूड, चामडं, पितळ आणि मामांची मजुरी या सगळ्यांच्या दुप्पट झालं. आबा ते बिल पाहून काहीच बोलले नाहीत असं लिहायचं होतं, पण ते बरंच बोलले.

पावसाळाभर गाडी आठवड्यातून एकदा तरी बाहेर निघाली. कोल्हापूरच्या जुलैमध्ये चामडं दमट होऊन सैल पडतं, तेव्हा कड दीड सेंटीमीटर मागं गेलेली मोजली. ऑक्टोबरचं ऊन लागल्यावर त्यातली निम्मी परत आली. दोन्ही दारांत फरक अर्ध्या बोटाचाही नाही. मध्ये एकदा आबांच्या नातीनं दार लाथेनं उघडलं, हे तिनंच मला सांगितलं, आजोबांना सांगू नका म्हणून. मी स्क्रू तपासले. एकही हललेला नव्हता, आणि दाबपट्टीखाली दुमडलेल्या त्या दोन सेंटीमीटरांना अजून हात लावावा लागलेला नाही.